रेकॉर्डच्या शेवटचे दोन ठोके

नेदरटन
८ मार्च १९९८, रविवार

प्रिय मॅल,

नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. विल्फची कंबर धरली आहे, पण ती दर मार्चमध्ये धरते, वाफे खणायची वेळ आली की नेमकी.

सत्तावीस वर्षं आपण एकमेकांना नाताळचं कार्ड पाठवतोय आणि त्यावर दोन ओळी. तुझ्या ओळी मला पाठ आहेत: "इकडे सगळं ठीक. बर्फ फार." माझ्याही काही त्याहून बऱ्या नसतात. सख्खी भावंडं असून आपण शेजारच्या गल्लीतल्या माणसांसारखे वागतो. पण आज लिहावं लागतंय, कारण गेल्या मंगळवारी दारात एक माणूस उभा राहिला.

नायजेल पेंबर्टन नाव. लेस्टरचा, चाळिशीचा. पायपुसण्यावर बूट इतका वेळ पुसत होता की मला वाटलं आता आत येतच नाही. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तुमची 'लाल साखळी' रेकॉर्ड. वरच्या फोटोत तुम्ही चौघं साखळीच्या कारखान्यात उभे, सगळे कॅमेऱ्यावर चिडल्यासारखे. सगळ्यात रागीट तू. मला माहीत आहे, तुला ते नवे बूट चावत होते.

त्यानं मला माझ्याच भावाची माहिती दिली. म्हणे, 'ऑलिव्हर' हा या भागातला सगळ्यात वजनदार ब्लूज वाजवणारा बँड. म्हणे, गिटारवाला मॅल्कम रेबोल्ड तारा इतक्या सैल लावायचा की गिटार जमिनीखालून वाजतेय असं वाटायचं. म्हणे, एकोणीसशे सत्तरच्या ऑक्टोबरात दोन दिवसांत सगळं रेकॉर्ड केलं, एकाहत्तरच्या जूनमध्ये ते बाजारात आलं, तीनशे प्रतीसुद्धा खपल्या नाहीत आणि गिटारवाला कॅनडाला निघून गेला. मी म्हटलं, "तो निघून गेला हे मला ठाऊक आहे. त्याची बॅग मीच भरली होती." तर हा आणखी कौतुकानं बघायला लागला. ऑलिव्हर हे बाबांच्या पायानं चालवायच्या घणाचं नाव, हे कळल्यावर तर त्यानं वहीत लिहून घेतलं. लंडनवाले विचारायचे ना तुम्हाला, तुमच्यातला ऑलिव्हर कोण म्हणून?

मुद्दा असा की त्याची छोटीशी कंपनी आहे आणि त्याला 'लाल साखळी' पुन्हा काढायची आहे. जपानमध्ये लोक तिच्यासाठी वेडे झालेत म्हणे. तुझी संमती हवी. बाकीच्या तिघांपैकी जे उरलेत त्यांनी दिली आहे.

आणि आणखी एक. त्यानं विचारलं, शेवटचं गाणं, 'भट्टी विझताना', नऊ मिनिटांचं, ते शेवटी असं कापल्यासारखं का संपतं? गिटारचा सूर अजून हवेत असताना कोणीतरी दिवा घालवल्यासारखा आवाज बंद होतो. मूळ टेप तर नष्ट झाल्या. "तुमच्याकडे काही जुनं आहे का, मिसेस ट्रोमन्स?"

मी त्याला विचारलं, आणखी चहा घेणार का?

त्यानं घेतला. मग मी सांगितलं की आहे. टेबलक्लॉथच्या खणात, सगळ्यात खाली, पांढऱ्या लेबलची एक प्रत आहे आणि तिच्यात शेवट पूर्ण आहे. माझ्याकडे ती कशी आली ते विचारू नकोस. फक्त हो म्हण.

तुझी बहीण,
हेझल


२९ मार्च १९९८

प्रिय मॅल,

धबधब्याचं कार्ड मिळालं. तीन ओळी. प्रगती आहे.

"नायजेलला काय करायचं ते करू दे. पांढरी प्रत तुझ्याकडे कशी? त्या सगळ्या मोडीत काढल्या होत्या." विचारू नकोस म्हटलं की तू तेच विचारणार, हे मला कळायला हवं होतं. लहानपणी खणाला कुलूप लावलं की तू तोच खण उघडायचास.

तर ऐक. मी रेकॉर्डच्या कारखान्यात कामाला होते हे तुला माहीत आहे, पण काय करायचे ते तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटायचं मी खोक्यात रेकॉर्डी भरते. मी ऐकायचे. आम्ही सहाजणी होतो, सहा काचेच्या खोल्या, कानावर हेडफोन. प्रत्येक गठ्ठ्यातली एक रेकॉर्ड ऐकायची, आणि कुठे टिकटिक, खरखर, ठोका ऐकू आला की गुलाबी चिठ्ठीवर लिहायचं: कुठली बाजू, कितवं मिनिट, काय आवाज. चिठ्ठी लागली की माल बाद. बाद रेकॉर्डींची मधली लेबलं यंत्रानं पाडायची आणि उरलेलं दळून परत कढईत. तुमच्या किती प्रती दळून कुठल्या नाताळच्या गाण्यांत गेल्या असतील, देव जाणे.

नव्या रेकॉर्डची पहिली नमुना प्रत, पांढऱ्या लेबलची, सगळ्यात जुन्या बाईकडे यायची. सगळ्यात जुनी बाई मी. पंचवीस वर्षांची होते.

सत्तरच्या नोव्हेंबरात तुमची आली. मी दुसरी बाजू लावली. शेवटच्या गाण्याच्या शेवटी, तुझा सूर विरत असताना, दोन ठोके ऐकू आले. लोखंडावर लोखंड. एक, मग जरा थांबून दुसरा. मी चिठ्ठी लिहिली: "दुसरी बाजू, बाविसावं मिनिट, बाहेरचा आवाज, दोन ठोके. बाद."

तुमच्या कंपनीच्या माणसानं कटकट नको म्हणून शेवटच कापायला सांगितला. पण तोवर नाताळचा माल यंत्रावर चढला होता, मग यंत्र बिघडलं, मग तो माणूसच नोकरी सोडून गेला. फेब्रुवारीत तुम्ही अमेरिकेला जाणार होतात, एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायला, आणि अट एकच होती, रेकॉर्ड हातात हवी. ती नव्हती. दुसरे कोणी गेले. तुम्हाला "तांत्रिक दोष" एवढंच सांगितलं.

तो तांत्रिक दोष म्हणजे मी, मॅल. नियम नियमच असतो. दुसऱ्या कोणाची असती तरी मी हेच केलं असतं.

नमुना प्रत मात्र दळायला टाकली नाही. कोटाच्या आत पाठीला लावून घरी आणली. फाटकावरचा म्हातारा म्हणाला, "हेझल, आज फार ताठ चालतेस गं. लग्न ठरलं की काय?"

हेझल


२ एप्रिल १९९८

मॅल,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आधीच्या पत्रात मी लबाडी केली. पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना खाटकाच्या दुकानात काय घ्यायचं तेच विसरले.

ते ठोके कसले हे मला पहिल्या क्षणी कळलं होतं. तुलाही कळलं असतं.

बाबा साखळीची कडी घडवून ती गार झाली की काय करायचे आठवतं का? हातोडीनं तिच्यावर एकदा ठोकायचे आणि कान द्यायचे. सांधा कच्चा असेल तर कडी बद्द वाजते. मग ती कोपऱ्यात भिरकावायची, तोंडातून अवाक्षर नाही. सांधा पक्का असेल तर जरा थांबून दुसरा ठोका. तो दुसरा ठोका म्हणजेच शाबासकी. दुसरी शाबासकी त्या माणसाला माहीतच नव्हती. आईनं केलेला ॲपल-पाय आवडला की बशी चमच्यानं दोनदा वाजवायचे आणि आई लाल व्हायची. तुझं शाळेचं प्रगतिपुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, बोटानं एकदा ठोकलं आणि उठून गेले. तू त्या दिवशी कोळशाच्या खोलीत जाऊन रडलास. विल्फला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्यांनी त्याच्या सायकलच्या दांड्यावर दोन ठोके मारले. विल्फला वाटलं म्हातारा सायकल विकत घ्यायचं म्हणतोय.

तुम्ही बर्मिंगहॅमला रेकॉर्ड करत होता त्या दुसऱ्या दिवशी तू जेवणाचा डबा विसरलास. मी बाबांना म्हटलं, नेऊन द्या. ते कुरकुरत गेले. परत आल्यावर म्हणाले, "दारवानाकडे दिला." एवढंच. पुढच्या जुलैत जेवणाच्या टेबलावर तू त्यांना जे बोललास ते अजून माझ्या कानात आहे: "दारापर्यंत आलात बाबा, आणि एक गाणं ऐकावंसं वाटलं नाही? डबा टाकून पळालात? कुत्र्याला हाड टाकावं तसं?" बाबांनी बटाटे कापायचं थांबवलं नाही. तीन आठवड्यांनी तू गेलास.

ते पळाले नव्हते, मॅल. ते आत गेले होते. दाराशेजारच्या लोखंडी पाइपला टेकून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं, नऊ मिनिटं. तू नेहमीप्रमाणे दाराकडे पाठ करून वाजवत होतास. गाणं संपत आलं तेव्हा त्यांनी खिशातून ती कडी काढली, वयाच्या चौदाव्या वर्षी घडवलेली, जी ते जन्मभर कोटाच्या खिशात बाळगायचे, आणि पाइपवर ठोकली. जरा थांबले. मग परत ठोकली.

नमुना प्रत ऐकल्यावर मी घरी येऊन त्यांना विचारलं. ते मोरीत हात धूत होते. म्हणाले, "पोरानं सांधा पक्का मारलाय गं. पण तू बोलू नकोस त्याला. डोक्यात जाईल त्याच्या."

मी बोलले नाही. तेव्हा म्हटलं, बाबांनी सांगितलंय ना. हे कारण मला इतकी वर्षं पुरलं.

हेझल


२६ एप्रिल १९९८

प्रिय मॅल,

साडेतीन आठवडे झाले. टपालवाला आला की विल्फ माझ्याकडे बघत नाही, खिडकीतून बाहेर बघतो. काल म्हणाला, "कॅनडा लांब आहे." मी म्हटलं, "मला भूगोल येतो."

तू चिडला असशील. चिड. पण अजून चिडायचं थोडं बाकी आहे, आणि मी आता अर्धवट ठेवत नाही.

नियम नियम असतो हे खोटं. तो आवाज इतका बारीक होता की बाकीच्या पाचजणींपैकी एकीलाही ऐकू आला नसता. आला असता तरी गाण्यातलाच म्हणून सोडून दिला असता. तुमच्या गाण्यात त्याहून भयंकर आवाज होते. मी आठवड्याला दहा असले दोष सोडून द्यायचे. हा एक धरला.

सप्टेंबरात आईला झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. सकाळी कामाला जाण्याआधी मी तिला धुवायचे, आणि आल्यावर भरवायचे. विल्फ लग्नाचं विचारायचा आणि मी पुढच्या वर्षी म्हणायचे. तू तेवढा एकच होतास जो संध्याकाळी तिच्याजवळ बसून तिला हसवायचास. तिच्या हातात गिटार देऊन डाव्या हातानं तार छेडायला लावायचास, आणि ती तोंडाच्या एका बाजूनं हसायची. आणि तू फेब्रुवारीत अमेरिकेला जाणार होतास. सगळं घर आनंदात. मीही केक केला.

हेडफोनमध्ये ते ठोके ऐकले तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. बाबांनी तुला पास केलं. आणि तू आता परत येणार नाहीस. माझ्या हातात पेन्सिल होती. मला वाटलं, महिनाभर लांबेल. एक महिना आणखी घरी राहील. शपथेवर सांगते, एवढंच वाटलं. एवढं सगळं मोडेल असं वाटलं नव्हतं. मला तू जायला नको होतास म्हणून मी ती चिठ्ठी लिहिली, आणि त्या चिठ्ठीमुळेच तू गेलास. आई मार्चमध्ये गेली, त्या ऑगस्टमध्ये तू.

आता शेवटचं. हे मी विल्फलाही कधी सांगितलं नव्हतं, काल सांगितलं.

तू गेल्यावर बाबांनी स्वतः बसनं डडलीला जाऊन 'लाल साखळी' विकत आणली. दुकानातल्या मुलीला नाव सांगताना लाजले असतील. रविवारी जेवणानंतर मला म्हणाले, "लाव ती. दुसरी बाजू." खुर्ची जवळ ओढून बसले. गाणं शेवटाला आलं तसे पुढे झुकले. आणि आवाज गेला. सुई रिकाम्या जागेत फिरत राहिली, बाबा तसेच बसून. मग म्हणाले, "काढून टाकलं वाटतं त्यानं."

त्यांना वाटलं तू काढलंस. तुला वाटलं ते पळाले. खरं माहीत असलेली घरात एकच बाई होती, आणि ती टेबल पुसायला लागली.

चौऱ्याऐंशी सालापर्यंत जगले ते. तेरा वर्षं. दर आठवड्याला सांगायची संधी होती. तुला पत्र का लिहीत नाही विचारलं की म्हणायचे, "त्याला आपलं काही नको आहे." मी म्हणायचे, "असं काही नाही हो." याच्यापुढे माझी जीभ जायची नाही, कारण पुढे गेली असती तर चिठ्ठीची गोष्ट निघाली असती. त्यांच्या अंत्यविधीला तू फुलं पाठवलीस, आला नाहीस. सगळे तुला नावं ठेवत होते आणि मी पेल्यांत चहा ओतत होते.

माफी मागते. माफी मागायला मी फार मोठं पत्र लिहिलं, पण एका ओळीत मागितली असती तर तुला कळलं नसतं कशाची.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात पांढरी प्रत आहे. विल्फनं ती पोळपाटाएवढ्या दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधली आहे, बागेतल्या लीक भाजीच्या स्पर्धेचं सामान बांधतो तशी. नायजेलला सांगितलं तेव्हा तो रडकुंडीला आला: "मिसेस ट्रोमन्स, जगातली एकमेव प्रत, आणि टपालानं?" मी म्हटलं, "ती तुझी नाही, माझीही नाही. ज्याची आहे त्यानं आधी ऐकायची." तुला ती फोडायची असेल तर फोड. नायजेलचं रेकॉर्ड पुन्हा काढणं त्याच दिवशी संपेल, पण तो माझा प्रश्न आहे.

पार्सलच्या कोपऱ्यात रुमालात कडी आहे. अंत्यविधीच्या आधी त्यांच्या कोटातून मी काढून घेतली होती. तीही तुझीच.

ऐकल्यावर तुला जे वाटेल ते कळव. काहीच कळवायचं नसेल तर मला तेही समजेल. बाबांची मुलगी आहे मी.

हेझल


२५ मे १९९८, सोमवार

माझ्या मॅल,

काल आपण बोललोय तरी लिहितेय. बोललोय म्हणजे किती, चार वाक्यं. पण मला ते कागदावर हवंय, कारण विल्फ म्हणतो मी सगळं वाढवून सांगते.

रविवारचं जेवण टेबलावर यायचं होतं. बीफ बाहेर काढलेलं, बटाटे ओव्हनमध्ये, ग्रेव्ही ढवळत होते. फोन वाजला. मला वाटलं नायजेल असणार. हल्ली तो एक दिवसाआड फोन करून हवापाण्याविषयी बोलतो आणि पार्सलचं नाव काढत नाही, बिचारा. मी एका हातात पळी घेऊनच फोन उचलला.

पलीकडे कोणी बोलेना. लांबचा फोन असला की तो समुद्रासारखा आवाज येतो ना, तेवढाच. मी म्हटलं, "मॅल?"

मग लोखंडावर लोखंड. एक ठोका.

आणि पुढे काही नाही.

मॅल, तुला कल्पना नाही किती वेळ गेला. तू म्हणशील दोन सेकंद. विल्फ म्हणतो चारपाच. मी तिथे त्रेपन्न वर्षांची बाई, हातात पळी, ग्रेव्ही गालिच्यावर ठिबकतेय, आणि मी कान देऊन उभी. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून चिठ्ठ्या लावल्या मी. एक ठोका आणि गप्प, म्हणजे काय, ते आपल्या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. कच्चाच होता सांधा. भिरकाव.

मी फोन ठेवणार होते. खरंच ठेवणार होते, विल्फनं माझं मनगट धरलं.

मग दुसरा आला.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. तू म्हणालास, "हेझल." आवाज किती जाड झालाय रे तुझा, अगदी बाबांचा. मग म्हणालास, "ते आत होते." मी म्हटलं, "हो." तू म्हणालास, "नायजेलला सांग, प्रत पाठवतोय, शेवट कापायचा नाही. ठोके राहू देत." आणि मला रडणं आवरेना तेव्हा म्हणालास, "तुझ्याकडे दुपारचा एक वाजलाय. रविवार आहे. बटाटे बघ, करपतील."

करपले होते, मॅल. विल्फनं सगळे खाल्ले, आणि उठताना बशीवर काट्यानं दोनदा वाजवलं. आगाऊपणा नुसता.

आज सकाळी नायजेलला फोन केला. आनंदानं तो तीनदा धन्यवाद म्हणाला. मग घसा खाकरून अदबीनं म्हणाला की ते शेवटचे दोन आवाज हल्ली संगणकावर सहज पुसता येतात, हवं तर साफ करून देतो. मी त्याला सांगितलं, पुसलेस तर मी लेस्टरला येईन. नव्या रेकॉर्डची पहिली नमुना प्रत तो आधी माझ्याकडे पाठवणार आहे, ऐकून पास करायला. मी म्हटलं, एक नको, दोन पाठव. एक ऐकणारा माणूस सप्टेंबरमध्ये कॅनडाहून येतोय.

येतोयस ना? तू काल तसं म्हणाला नाहीस, मी धरून चालले आहे. मागची खोली विल्फ उद्यापासून रंगवायला घेतोय, कंबर धरलेली असताना, तेव्हा आता नाही म्हणू नकोस.

आणि येताना ती कडी घेऊन ये. विमानतळावर विचारलं हे काय आहे, तर सांग, आमच्या बाबांचं आहे.

तुझी,
हेझल